सातवीनंतर गायब होणारी मुलं: वाचनालयात दहा ते सोळा वयासाठी उपक्रम कसे आखावेत

गावातल्या कोणत्याही सार्वजनिक वाचनालयाची बालसभासदांची नोंदवही काढून बघा. तिसरी-चौथीची नावं भरपूर, पाचवी-सहावीत ठीकठाक, आणि आठवीला खातं बंद, अनामत परत. कारण विचारलं की सगळे मोबाइलकडे बोट दाखवतात. ते खोटं नाही, पण पुरतं खरंही नाही. तेरा वर्षांच्या मुलाचे गुडघे बालविभागातल्या टेबलाखाली मावत नाहीत. मोठ्यांच्या विभागात तो दोघा मित्रांशी बोलू लागला की पेपर वाचणारे आजोबा चष्म्यावरून बघतात. आणि त्याच्यासाठी म्हणून जे कार्यक्रम होतात ते कसले? निबंध, वक्तृत्व, चित्रकला. आधी दीपप्रज्वलन, मग पाहुण्यांचा परिचय, मग ‘वाचाल तर वाचाल’वर पाऊण तास, शेवटी तीन बक्षिसं. तीस मुलं आली असतील तर सत्तावीस हरून घरी जातात.

इथे दिलेली आखणी एका हॉलचं वाचनालय, एक ग्रंथपाल, एक मदतनीस आणि दर वेळचे सहाशे-सातशे रुपये एवढ्यावर बेतलेली आहे. उपक्रम कोणताही निवडा, तो तीन प्रश्नांना उतरला पाहिजे. मुलाला घरून काही तयारी करून यावं लागतं का? लागत असेल तर ते येणार नाही. आल्यावर दहा मिनिटांच्या आत हाताला काम मिळतं का? नसेल तर ते मागच्या रांगेत मोबाइल काढेल. आणि उपक्रमाचा शेवट पुस्तकांच्या कपाटापाशी होतो का? तसा होत नसेल तर तो समाजमंदिरातही करता आला असता.

वेळ आधी, विषय नंतर

बहुतेक आखण्या इथेच चुकतात. समिती आधी विषय ठरवते, मग पाहुणे, आणि मुलांच्या सोयीची वेळ सगळ्यात शेवटी, म्हणजे बहुधा नाहीच. आठवीच्या मुलाचा दिवस शाळा आणि क्लास मिळून संध्याकाळी सात-साडेसातला संपतो. रिकामी जागा उरते ती शनिवारी दुपारनंतर (अनेक शाळा शनिवारी सकाळच्या असतात) किंवा रविवारी सकाळी. तरीही अंदाजाने ठरवू नका. दारापाशी पुठ्ठ्यावर चार वेळा लिहा, खाली टिकल्यांचं पाकीट लटकवा आणि प्रत्येकाने सोयीच्या वेळेखाली एक टिकली लावायची, एवढंच सांगा. आठवडाभरात वेळ कळते आणि कोणाचं नाव विचारावं लागत नाही. हाच पुठ्ठा जवळच्या दोन शाळांत दोन-दोन दिवस ठेवला तर जी मुलं वाचनालयात येतच नाहीत त्यांचीही मतं मिळतात, आणि खरी गरज त्यांच्याच मतांची आहे.

वर्षाचं गणितही मांडून घ्या. घटक चाचणीचा आठवडा, गणपती, सहामाही, दिवाळीची सुट्टी हे आधी कॅलेंडरवर खोडून टाका. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन अनेकदा नेमका परीक्षेच्या किंवा दिवाळीच्या तोंडावर येतो. त्या दिवशी छोटं काहीतरी करा, मोठा उपक्रम ठेवू नका. मे महिन्यात मुलं गावाला, मामाकडे गेलेली असतात. त्यापेक्षा वार्षिक परीक्षा संपल्यानंतरचे एप्रिलचे शेवटचे दिवस चांगले. विदर्भात उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत नाहीतर संध्याकाळी सहानंतर. दहावीची मुलं डिसेंबरनंतर येणार नाहीत. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

सुरुवातीला महिन्यातून एकच दिवस घ्या आणि तो पक्का ठेवा, उदाहरणार्थ दुसरा शनिवार, चार ते साडेपाच. दोनदा पुढे ढकललेला कार्यक्रम मुलांच्या लेखी बंद पडलेला असतो.

एक गट नव्हे, दोन

पाचवी ते सातवी आणि आठवी ते दहावी यांना एकत्र बसवू नका. अकरा वर्षांच्या मुलाला पळापळ हवी असते, जिंकायचं असतं, आणि चूक झाली तरी तो पुन्हा हात वर करतो. चौदा वर्षांची मुलगी चूक होऊ शकेल अशा ठिकाणी बोलतच नाही, विशेषतः समोर धाकटा भाऊ बसला असेल तर. लहान गटाला शर्यत चालते. मोठ्या गटाला स्वतःचं काहीतरी करायला आणि ते दाखवावं की नाही हे ठरवायला मोकळीक लागते.

नावातही घोळ असतो. ‘बाल’ हा शब्द पाटीवर असेल तर तेरा वर्षांचं कोणीही आत येत नाही. ‘संस्कार’ आणि ‘शिबिर’ हेही शब्द टाळा. मोठ्या गटाचं नाव मुलांनाच ठेवू द्या. ते विचित्र असेल, समितीला आवडणार नाही, तरी राहू द्या.

गट पाडताना लहानांच्या बाबतीत रंगीत टिकल्या वाटून सरमिसळ करा. मोठ्यांच्या बाबतीत ही युक्ती अंगाशी येते: अनोळखी तिघांत बसवलेला मुलगा दीड तास खाली मान घालून बसतो. त्यांना आधी मित्र-मैत्रिणींच्या जोड्या करू द्या आणि मग दोन जोड्या एकत्र आणा. प्रत्येकाला निदान एक ओळखीचा चेहरा राहतो आणि चौघांचा गटही होतो.

जागा, माणसं, पैसा

एकच हॉल असेल तर आवाजाची तक्रार येणारच. आठवडा आधी फळ्यावर लिहा: ‘शनिवारी ४ ते ५.३० मुलांचा कार्यक्रम. वर्तमानपत्रं बाहेरच्या व्हरांड्यात ठेवली जातील.’ आणि खरंच ठेवा, चार खुर्च्यांसकट. तक्रार आवाजाची कमी आणि न विचारता जागा घेतल्याची जास्त असते.

मोठी माणसं कायम दोन, त्यांतली एक बाई. दार उघडं. पालकाचा फोन नंबर हजेरीच्या कागदावर. अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ हा हेल्पलाइन नंबर भिंतीवर मुलांना दिसेल अशा उंचीवर. फोटो काढायचे तर पालकांची लेखी परवानगी आधी घ्या. अर्जावर एक ओळ आणि सही पुरते. परवानगी असली तरी व्हॉट्सअॅप गटावर फोटो टाकताना चेहऱ्यांपेक्षा हात आणि कागद दिसतील असे निवडा. हिवाळ्यात साडेपाच म्हणजे साडेपाच: उशीर झाला की पुढच्या वेळी मुली गळतात, आणि त्या गळाल्या की परत येत नाहीत.

सभासद नसलेल्या मुलाला दारातून परत पाठवू नका. अनामत आणि पालकाची सही या दोन गोष्टी त्याच्या हातात नसतात. उपक्रम त्याला करू द्या आणि जाताना अर्ज हातात द्या.

सोळा मुलांसाठी खर्च साधारण असा: झेरॉक्स चाळीस पानं म्हणजे ऐंशी रुपये, काळी स्केचपेनं आणि पुठ्ठा दीडशे, खाऊ अडीचशेच्या आसपास, किरकोळ शंभर. नंबरचं कुलूप दीडशे-दोनशेचं, पण ते एकदाच घ्यायचं. खाऊ शेवटी आणि दाराबाहेर. चिवडा-वेफर्सच्या तेलकट बोटांचे ठसे पानांवर कायमचे राहतात. केळी, चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू बरा.

पहिला उपक्रम: कुलूपपेटी (लहान गट, नव्वद मिनिटं)

सुरुवात यानेच करावी, कारण यात वाचनालयच खेळाचं मैदान होतं. कडी असलेली पत्र्याची पेटी, तिला चार आकडी नंबरचं कुलूप, आणि चार कोडी. प्रत्येक कोड्याचं उत्तर एक आकडा. पेटीच्या झाकणावर ओळीने वर्तुळ, त्रिकोण, चौकोन आणि चांदणी काढा. प्रत्येक कोड्याच्या कागदावर यातली एक खूण. कोणता आकडा कुठे बसतो हे त्यावरून कळतं.

कुलूप चार आकडीच घ्या. तीन आकडी कुलपाचे हजारच नंबर होतात आणि चिकाटीचा एखादा मुलगा ०००पासून सुरू करून वीसेक मिनिटांत कोडी न सोडवता ते उघडतो. चार आकडी म्हणजे दहा हजार. स्वस्त कुलपांची कडी ताणून धरली की बरोबर आकड्याला किंचित अडकल्यासारखं होतं, हेही मुलं शोधून काढतात. म्हणून नियम: एका वेळी दोनच प्रयत्न, ते चुकले तर दोन मिनिटं थांबायचं.

चार कोड्यांचा एक नमुना घेऊ.

वर्तुळ, नकाशाचं कोडं: ‘महाराष्ट्राला लागून किती राज्यं आहेत?’ गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कर्नाटक, गोवा. उत्तर ६. इथे एक सापळा आहे. कपाटातला नकाशासंग्रह २००० सालाच्या आधीचा असेल तर त्यात छत्तीसगड नाही आणि उत्तर ५ येतं. २०१४ पूर्वीचा असेल तर उत्तर ६च येतं, पण तेलंगणाच्या जागी आंध्र प्रदेश दिसतो. दादरा-नगर हवेलीही सीमेला लागून आहे, पण तो भाग केंद्रशासित प्रदेशाचा आहे, यावर एक तरी गट वाद घालेल. घालू द्या. नकाशा कोणत्या सालचा आहे ते मात्र आधी बघून ठेवा.

त्रिकोण, नोंदवहीचं कोडं: दाखल नोंदवहीच्या (वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिच्यात नोंदतात ती वही) एका पानाची झेरॉक्स द्या, त्यातला ‘पाने’ हा रकाना झाकलेला. मूळ नोंदवही मुलांच्या हातात देऊ नका, ती तपासणीची कागदपत्रं आहेत. सांगायचं असं: दिलेल्या दाखल क्रमांकाचं पुस्तक कपाटातून शोधा, शेवटच्या छापील पानाचा आकडा घ्या, आणि एक अंक उरेपर्यंत बेरीज करा. पुस्तक २४८ पानांचं असेल तर २+४+८=१४, १+४=५. उत्तर ५. ‘शेवटचं पान’ एवढंच लिहिलंत तर अर्धी मुलं मागच्या जाहिरातींची पानंही मोजतात. आणि आदल्या दिवशी ते पुस्तक कोणी घरी नेलेलं नाही ना, हे पाहून ते राखून ठेवा. कोडं फसण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

चौकोन, भोकांची पट्टी: पुस्तकाच्या एका पानाची झेरॉक्स आणि त्याच मापाचा, सहा चौकोनी भोकं पाडलेला पुठ्ठा. पुठ्ठा पानावर ठेवला की भोकांतून सा, त, व, जा, पा, च ही अक्षरं दिसतात. सात वजा पाच, उत्तर २. सोपी आणि नेहमी येणारी अक्षरं निवडली तर कोणत्याही कथेच्या पानावर ती याच क्रमाने सापडतात. झेरॉक्स एकदाच काढून तिच्यावरूनच भोकं आखा. दुकानदाराने दुसऱ्या प्रतीला दोन टक्के आकार कमी केला तरी खालची अक्षरं भोकाबाहेर सरकतात. पुठ्ठ्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर बाण काढा, नाहीतर तो उलटा ठेवला जातो.

चांदणी, दिवाळी अंकाचं कोडं: एका ठरावीक अंकाच्या अनुक्रमणिकेत ‘कथा’ या शीर्षकाखाली किती नावं आहेत? आठ असतील असा अंक शोधा. उत्तर ८.

म्हणजे कुलपाचा नंबर ६५२८. ‘शीर्षकातली अक्षरं मोजा’ असलं कोडं मात्र ठेवू नका. ‘ग्रंथालय’मध्ये अक्षरं चार असं तुम्ही धरता, पण ग्रं मधले ग आणि र वेगळे मोजणारा एक मुलगा प्रत्येक गटात असतो, आणि त्याला चूक ठरवणं अवघड जातं.

चारही गटांनी एकाच कपाटावर धाड घालू नये म्हणून क्रम फिरवा: पहिल्या गटाला १-२-३-४, दुसऱ्याला २-३-४-१, तिसऱ्याला ३-४-१-२, चौथ्याला ४-१-२-३. दर आठ मिनिटांनी घंटा, म्हणजे बत्तीस मिनिटांत सगळी कोडी सगळ्यांकडून होतात. एखादा गट चार मिनिटं अडकला तर एक सूचना-चिठ्ठी. प्रत्येक गटाला अशा तीनच. पेटीत चार पाकिटं ठेवा. गटाने आपलं पाकीट घ्यायचं, कुलूप लावायचं, आकडे फिरवायचे, की पुढच्या गटासाठी पेटी तयार. पाकिटात चॉकलेटपेक्षा ‘या महिन्यात एक पुस्तक जास्त’ किंवा ‘एकदा उशीर माफ’ अशी कुपनं घाला. त्यासाठी समितीची मान्यता आधी घ्यावी लागते, पण खर्च शून्य.

सोळाही मुलं एकाच क्षणी येत नाहीत. पहिली पंधरा मिनिटं लवकर आलेल्यांना पुठ्ठ्याची भोकं कापायला द्या. पाच मिनिटं नियम, मग कोडी, मग पेटी. साधारण पासष्टाव्या मिनिटाला कपाटं मोकळी सोडा: ‘शोधताना जे पुस्तक हाताला लागलं आणि ठेवून द्यावंसं वाटलं नाही, ते घेऊन या.’ इथे भाषण करू नका. देवघेवीच्या टेबलावर त्या पंधरा मिनिटांत गर्दी होते, म्हणून मदतनीसाला तिथेच बसवा.

आदल्या दिवशी सातवीतल्या दोन मुलांकडून कोडी सोडवून घ्या. तुम्हाला एका मिनिटाची वाटणारी गोष्ट त्यांना सात मिनिटं लागते, कारण उत्तर तुम्हीच लिहिलेलं असतं. मोठ्या माणसावर केलेली चाचणी उपयोगाची नाही.

पुस्तकं जागच्या जागी परत जात नाहीत, हा दुसरा हमखास त्रास. प्रत्येक गटाला कोऱ्या पुठ्ठ्याच्या चार लांब पट्ट्या द्या. पुस्तक काढलं की त्या फटीत पट्टी. संपल्यावर पट्टी दिसेल तिथे पुस्तक. यात कपाटाची मांडणी मुलांच्या नकळत डोक्यात बसते, हा वरचा फायदा.

दुसरा उपक्रम: खोडकविता (मोठा गट, साठ ते सत्तर मिनिटं)

‘कविता लिहा’ म्हटलं की आठवीचा वर्ग गार पडतो. छापलेल्या पानावरचे शब्द खोडून उरलेल्यांची कविता करायची म्हटलं की तीच मुलं कामाला लागतात, कारण कोरा कागद समोर नसतो आणि फसलं तर दोष पानाचा.

महाराष्ट्रातल्या वाचनालयांना याचा कच्चा माल कुठे शोधावा लागत नाही. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’पासून सुरू झालेली दिवाळी अंकांची परंपरा दरवर्षी आपल्या माळ्यावर एक गठ्ठा वाढवते. रद्दीला निघालेले अंक घ्या आणि त्यांतली कथेची किंवा ललित लेखाची पानं सुटी करा. बातमीचं पान नको. तिथे ‘म्हणाले’, ‘सांगितले’, ‘कार्यक्रमास’ यांच्यापलीकडे हाताला काही लागत नाही. अक्षर बारीक असेल तर पान मोठं करून झेरॉक्स काढा. प्रत्येकाला तीन-तीन पानं द्या, एकच दिलंत तर ‘माझं पान वाईट आहे’ सुरू होतं.

आधी पान वाचू नका, नुसती नजर फिरवा, हे ठासून सांगा. कथा वाचली की तिच्याच गोष्टीत अडकायला होतं. डोळा थांबेल अशा एका शब्दाला पेन्सिलने चौकट करा. मग त्याच्या वर-खाली आणखी आठ ते बारा शब्द, वाचायचा क्रम वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. पेन्सिलचा टप्पा पुरा होईपर्यंत स्केचपेनं वाटायचीच नाहीत. ती आधी हातात गेली की पाच मिनिटांत पान काळं होतं आणि शब्द दोनच उरतात.

आता मराठीची खास अडचण. आपले शब्द प्रत्यय घेऊन येतात. मुलीला ‘घर’ हवं असतं आणि पानावर ‘घरातून’ असतं. त्यातलं ‘तून’ खोडलं तर ‘घरा’ उरतं, आणि कवितेत ते चालूनही जातं. ‘खुर्चीवर’मधलं ‘वर’ काढलं की ‘खुर्ची’ स्वच्छ निघते. ‘रस्त्यावर’चं ‘रस्त्या’ मात्र लटकतं; तिथे ‘वर’ राहू द्यावं आणि पुढचा शब्द त्याला जुळवावा. क्रियापदांचंही तसंच. निवेदक पुरुष असेल तर पानभर ‘गेलो’, ‘थांबलो’. मुलीने नेमका ‘लो’चा काना काळा केला की मात्रा उरते आणि ‘गेले’ वाचता येतं. ही युक्ती फळ्यावर एकदा करून दाखवा. व्याकरणाच्या तासाला जांभया देणारी मुलं इथे विभक्तीवरून एकमेकांशी भांडतात.

नमुना म्हणून फळ्यावर एवढं पुरे: ‘पावसात / आजोबांची खुर्ची / ओली / वाट / पाहते’. पाच तुकडे, एकाच पानातले. सुंदर मोठा नमुना दाखवलात तर सगळे तसंच करायला बघतील.

पानाखाली जुना पेपर ठेवा, काळं स्केचपेन झिरपतं. पक्क्या शाईचा मार्कर टेबलावर उतरतो, तो नकोच. वाचून दाखवण्याची सक्ती नाही: दोरी आणि कपड्यांचे चिमटे लावा, ज्याला वाटेल त्याने आपलं पान टांगावं, नाव लिहिलं नाही तरी चालेल. साठाव्या मिनिटाला दोरीपाशी जी गर्दी होते ती बघा. तिथेच, त्याच दोरीखाली, कवितासंग्रह आणि कथासंग्रह मिळून पंधराएक पुस्तकं मांडून ठेवलेली असू द्या.

इंग्रजी माध्यमाची मुलं मराठी सावकाश वाचतात आणि त्याची त्यांना लाज वाटते. या उपक्रमात पान पूर्ण वाचावंच लागत नाही, म्हणून ती इथे रमतात. टेबलावर दोन-चार इंग्रजी पानंही ठेवा आणि कोणी कोणती उचलली यावर काही बोलू नका.

एका कागदाचं आठ पानी पुस्तक

दोन्ही गटांना चालतं, चाळीस मिनिटं, खर्च जवळपास नाही. ए-फोर कागद घ्या. लांब कडा जुळवून अर्धी घडी घाला आणि उघडा. आता आखूड कडा जुळवून अर्धी घडी, त्यावर त्याच दिशेने आणखी एक. सगळं उघडलं की आठ चौकोन दिसतात. पुन्हा आखूड कडा जुळवून एकच घडी घाला, आणि घडीच्या बंद बाजूने मधल्या रेषेवर पुढच्या आडव्या घडीपर्यंत कापा. उघड्या बाजूने कापलं की पुस्तक होत नाही. दर वेळी दोन-तीन जण हेच करतात, म्हणून पाच-सहा कागद जास्तीचे ठेवा. कागद उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं आत ढकला: मधली चीर उघडते, अधिकचं चिन्ह तयार होतं, पानं एका बाजूला वळवली की पुस्तक.

लिहायच्या आधी घडी घातलेल्या अवस्थेतच पानांवर पेन्सिलने १ ते ८ आकडे टाकायला लावा. मग उघडून सपाट कागदावर लिहायचं. चार पानं उलटी दिसतात ते बरोबरच आहे. कडेने एक सेंटिमीटर जागा सोडा, कारण झेरॉक्स काठापर्यंत येत नाही, आणि पेन्सिलचं काम फिकं उमटतं म्हणून शेवटी काळं पेन फिरवा. एका बाजूच्या एका झेरॉक्समध्ये एक प्रत होते. वीस प्रती चाळीस रुपयांत, आणि त्यांतली एक वाचनालयात राहते, दाखल क्रमांकासकट. आपल्या पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का बघायला मुलं घरच्यांना घेऊन येतात.

विषय ‘पर्यावरण’ वगैरे देऊ नका. ‘आमच्या गल्लीतली कुत्री’, ‘एसटी स्टँडवर एक तास’, ‘क्रिकेटमधले वाद आणि ते कसे मिटतात’ असलं काहीतरी. कोणाला गोष्ट सुचत नसेल तर आठ पानांत आठ पायऱ्यांची कृती: पतंगाला कणी कशी बांधायची, सायकलचं पंक्चर कसं काढायचं.

झाकलेली पुस्तकं

हे कमी मनुष्यबळात होतं. वीस पुस्तकं खाकी कागदात बांधा, बाहेर तीन-तीन शब्द लिहा: ‘बेट, वादळ, चोरी’. कोपऱ्यात पेन्सिलने दाखल क्रमांक, म्हणजे न उघडता नोंद होते. आवडलं नाही तर एकदा बदलून मिळेल. वर्षानुवर्षं कोणी न नेलेली पुस्तकं खपवायची ही संधी नाही. तसं केलंत तर पुढच्या वेळी पुडकी तशीच पडून राहतात. निम्मी पुस्तकं तुम्ही स्वतः पैजेवर द्याल अशी हवीत.

पाच आली तर, चाळीस आली तर

पाचच आली तर खुर्च्या काढून टाका आणि एका टेबलाभोवती बसा. कुलूपपेटी एका गटाने सोडवायची, घड्याळाशी शर्यत. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत ‘अजून येतील’ म्हणून थांबणं हा आलेल्यांचा अपमान आहे.

चाळीस येतात तेव्हा बहुधा शाळेने अख्खा वर्ग रांगेने पाठवलेला असतो, सोबत शिक्षक आणि हातात छडी नसली तरी नजर तीच. शाळेला आधीच सांगा: ज्यांना यायचं आहे अशीच वीसपर्यंत मुलं पाठवा. तरीही सगळी आली तर निम्म्यांना घडीचं पुस्तक, निम्म्यांना कोडी, आणि मध्यावर अदलाबदल. सोबतच्या सरांना-बाईंनाही कागद द्या. ते घडी घालण्यात गुंतले की वर्ग मोकळा होतो.

न बोलणाऱ्या मुलाला ‘तू सांग ना’ म्हणून उभं करू नका. त्याला घंटा वाजवायचं, वेळ बघायचं, चिमटे लावायचं काम द्या.

खरेदीचे दोन हजार

तीन-चार महिने झाले, नेहमी येणारी सहा-सात मुलं ओळखीची झाली, की हे करा. वार्षिक ग्रंथखरेदीतले दोन हजार रुपये त्यांच्या हवाली करा, म्हणजे निवडीचे. बिल आणि पैसे ग्रंथपालाकडेच. दोन आठवडे मुलांनी शाळेत विचारून पंचवीस नावांची यादी करायची. दुसऱ्या बैठकीत प्रत्येकाने आपल्या पुस्तकासाठी एक मिनिट बोलायचं, मग टिकल्यांनी मतदान. गावात ग्रंथप्रदर्शन लागत असेल तर यादी घेऊन तिथेच जा, सवलतीत दोन-तीन पुस्तकं जास्त येतात. संग्रहात आधीच आहेत ती नावं वगळायचं काम मुलांनाच द्या. नोंदी तपासायला त्यांना मजा येते.

समितीचा आक्षेप ठरलेला: ‘कॉमिक्स आणतील, भुताखेताचं आणतील.’ आणतील. अट दोनच ठेवा, वयाला न शोभणारं नको आणि एक पुस्तक चारशेच्या वर नको. पुस्तकं आली की पहिल्या पानावर ‘निवड:’ लिहून त्या मुलाचं पहिलं नाव आणि इयत्ता, आणि पहिल्यांदा घरी न्यायचा हक्क त्याचा. ती पुस्तकं बालविभागात ठेवू नका आणि मोठ्यांच्या कपाटातही नको. दोन्हींच्या मधे, खिडकीजवळ, एक कप्पा रिकामा करा. तिथे बसायला उंच खुर्च्या हव्यात, चार पुरतात.

त्याच संध्याकाळी वहीत चार रकाने भरून ठेवा: किती आली, किती पहिल्यांदा आली, किती पुस्तकं घरी गेली, आणि आज काय अडलं. वार्षिक अहवालाला पहिले तीन लागतात. चौथा रकाना पुढच्या दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी उघडून वाचायचा.